न उतरणारं आदण

संस्थेच्या आस्थापना शाखेतील नोंदीनुसार सदर इसमाचे वर्णन पुढीलप्रमाणे. नाव: पिराजी ज्ञानू वरुटे. वय: बावन्न, दाखल्यावर एकोणपन्नास. पद: सहाय्यक (अकुशल), कंत्राटी. शिक्षण: आठवी, अपूर्ण. कामाचे स्वरूप: वेळोवेळी सांगण्यात येईल ते. विशेष कौशल्य: निरंक. ओळखखूण: उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण, गुळाचा. यातला 'गुळाचा' हा शब्द नंतर वेगळ्या शाईनं खोडला आहे, कारण ओळखखूण कशानं झाली हे विचारणारा रकाना त्या फॉर्मात नाही.

हा सदर इसम गेली तीन वर्षं शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये लाल चिखलातून स्कँडियम नावाचा धातू काढतो. रिपोर्टात अर्थातच असं लिहिलेलं नाही. रिपोर्टात तो धातू 'प्राप्त होतो', पाऊस पडावा तसा, कुणाचा हात न लागता. गेल्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याआधी पिराजीला त्या शेडमधून बाहेर पडायचं होतं. ही त्या बाहेर पडण्याची हकिकत.

आधी चिखलाबद्दल सांगितलं पाहिजे. शाहूवाडीकडच्या डोंगरातून बॉक्साइटचा दगड वर्षानुवर्षं ट्रकनं खाली जायचा. मलकापुरातल्या निम्म्या हॉटेलांचा चहा त्या ड्रायव्हरांच्या जिवावर उकळायचा. राज्याच्या सीमेपलीकडं त्या दगडापासून अॅल्युमिनियमचा कच्चा माल होतो आणि मागं उरतो तो लाल चिखल, कुंकवाच्या रंगाचा, कॉस्टिकनं हाताला चरचरणारा, कुणालाच नको असलेला. आता तोच चिखल पोत्यांत भरून शिरोलीला येतो. डोंगर तिकडं गेला आणि गाळ इकडं आला. इतका सरळ व्यवहार या भागात सहसा होत नाही.

त्या चिखलाच्या एका टनात पन्नास-साठ ग्रॅम स्कँडियम असतो. अॅल्युमिनियममध्ये चिमूटभर मिसळला तर विमानाचा पत्रा हलका आणि चिवट होतो म्हणतात. तो काढायची संस्थेची पद्धत ऐकायला सोपी आहे. चिखल धुण्याच्या आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात कालवायचा, साठ अंशांवर ढवळायचा आणि खालून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. लोखंड जागचं हलत नाही. स्कँडियम तेवढा कार्बोनेटचा हात धरून पाण्यात उतरतो. मग चिखल खाली बसू द्यायचा, वरची निवळी काढून घ्यायची, त्यातून पुढच्या टाकीत कॉस्टिक घालून पांढरी साय धरायची. उरलेलं सोड्याचं पाणी बुडबुडे सोडून पुन्हा पहिल्या टाकीत. एक थेंब बाहेर जात नाही. या शेवटच्या वाक्यावर प्रकल्पाला मंजुरी मिळाली होती.

अडचण एकच होती. चिखल खाली बसत नव्हता. इतका बारीक, की सकाळी ढवळून ठेवला तर दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी मातकटच. आणि स्कँडियमचं वागणं पावण्यासारखं: आला तर लगेच उठून घरात घ्यावा लागतो, दारात ताटकळत ठेवला की परत जातो. पाणी निवळेपर्यंत त्यातला गॅस उडायचा आणि पाण्यात आलेला धातू पुन्हा चिखलाला चिकटून बसायचा. शंभरातले नऊ हाताला लागायचे. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. संयोगिता इंगवले यांनी ढवळण्याचा वेग बदलला, पाती बदलली, टाकीचा आकार बदलला. नऊ काही हलेना.

पिराजी या काळात पोती उतरवायचा आणि टाकी धुवायचा. मूळचा तो पेठ वडगावजवळच्या एका गावातला गुळव्या. गुऱ्हाळात रस घालतात ती काहील, तिच्याखाली चुलवाण, आणि रस काहिलीत पडल्यापासून गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतेपर्यंतची जी एक खेप, तिला आदण म्हणतात. आदणाचा धनी मालक नसतो, गुळव्या असतो. मळी कधी काढायची, जाळ कधी ओढायचा, पाक कधी आला, हे तो सांगतो आणि बाकीचे ऐकतात. पिराजीनं वयाच्या पंधराव्या वर्षापासून हे केलं. घरचं गुऱ्हाळ होतं. त्याचा थोरला भाऊ गणपतराव हिशेब आणि माणसं बघायचा, पिराजी काहील. मग ऊस साखर कारखान्याकडं वळला, चुलवाणात चिपाड सारायला माणूस मिळेना, आणि सहा वर्षांपूर्वी काहील उलटी करून तिच्यावर ताडपत्री टाकली. गुळव्यानं दुसरं काय करायचं याची शासनाकडं योजना नाही. तो शिरोलीला आला आणि अकुशल झाला.

गुळव्यांचे काही दंडक असतात. ते कुणी लिहिलेले नाहीत, म्हणून मोडतही नाहीत. हंगामाचं पहिलं आदण जो धरेल तो हंगामभर गुळव्या; मध्येच बदलणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारणं. दुसरा दंडक असा, की आदण चुलवाणावर असताना गुळव्या तिथून हलत नाही. जायचंच झालं तर हातातलं काहील ढवळायचं फावडं दुसऱ्या जाणत्या माणसाच्या हातात द्यायचं, आणि त्यानं एक आदण उतरवून दाखवल्यावरच पाऊल बाहेर. पिराजीचा बाप ज्ञानू काहिलीवर असताना त्याची स्वतःची आई वारल्याचा निरोप आला होता. ज्ञानूनं मान हलवली, पाक येईपर्यंत ढवळलं, गूळ वाफ्यात ओतला, हात धुतले, आणि मग रडायला बसला. वरुट्यांच्या घरात ही गोष्ट पराक्रम म्हणून सांगतात. ऐकणाऱ्यांत एखादा बाहेरचा असेल तर तो जरा गप्प होतो.

तर असा हा माणूस तीन महिने ते मातकट पाणी बघत होता. गुळव्याला गढूळ काहील बघवत नाही. न्हाव्याला अर्धवट दाढी बघवत नाही तसं. एका सोमवारी तो गावाकडून येताना बांधावरच्या रानभेंडीची दहा-बारा खोडं पिशवीतून घेऊन आला. ती ठेचली, बादलीत भिजवली, आणि जी बुळबुळीत चिकी सुटली ती फडक्यातून गाळून टाकीत ओतली. उसाच्या रसातली मळी धरायला हेच घालतात. किती घालायची हे पाण्यात बोट फिरवून ठरवलं. पाणी साबणासारखं लागलं तर कमी, खरखरीत लागलं तर जास्त. ओतण्यापूर्वी चपला काढल्या.

वीस मिनिटांत चिखलाचे गोळे धरले आणि बसले. वर निवळी, तळ दिसेल अशी.

त्या दिवशीच्या तपासणीत नवाच्या जागी अडतीस आले. यंत्र बिघडलं असेल म्हणून ते दोनदा तपासलं. मग आनंद झाला. त्याच आठवड्यात ढवळण्याच्या पात्याचा कोन बदलला होता. श्रेय कोनाला गेलं. पिराजीला कुणी विचारलं नाही, आणि आदण चालू असताना गुळव्यानं आपणहून बोलायचं नसतं, म्हणून तोही बोलला नाही; चिकी मात्र दर खेपेला घालत राहिला. कोनावर दोन निबंध छापून आले. पेटंटचा अर्ज गेला. त्यात एक वाक्य होतं की प्रक्रियेत कोणतेही सेंद्रिय द्रव्य वापरले जात नाही, कारण माल घेऊ पाहणाऱ्या कंपनीची तीच पहिली अट होती. चपला काढल्याबद्दल मात्र पिराजीला सुरक्षा विभागाची लेखी समज मिळाली. त्याच्या नावाचा उल्लेख असलेला प्रकल्पातला हा पहिला कागद.

पुढं पिराजी पुतण्याच्या लग्नाला चार दिवस गेला आणि आकडा अकरावर आला. तो परतल्यावर सदतीस. आषाढात ताप आला तेव्हा दहा. शास्त्रज्ञांना दोन गोष्टींचा संबंध जोडायचं शिक्षण असतंच. संयोगिता मॅडमनी तो जोडला आणि निष्कर्ष काढला की पिराजी तापमानावर चांगलं लक्ष ठेवतो. त्याच्या रजा बंद झाल्या. कारणाच्या रकान्यात 'प्रकल्पहित' असं लिहिलं गेलं.

दसऱ्याला गणपतरावाचा फोन आला. सेंद्रिय गुळाला पुण्यात गिऱ्हाईक होतं, ऊस घरचा होता, चुलवाण बांधून घेतलं होतं. "पिरा, काहील घासून ठेवलीया. पाडव्याला पहिलं आदण. तू ये, न्हायतर मुधोळचा एकजण तयार हाय, त्येला सांगतो. मग हंगामभर त्योच. मला नंतर बोल लावायचा न्हाय."

पिराजी म्हणाला, येतो. चिमणाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच दिवशी खोलीतली वापरात नसलेली भांडी पोत्यात बांधली. शिरोलीच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत तिला तीन वर्षांत एकदाही पहाटे कोंबडा ऐकू आला नव्हता, आणि याचा तिनं मनात हिशेब ठेवला होता.

राजीनामा देणं सोपं असतं असं पिराजीला वाटत होतं. त्यानं अर्ज लिहून घेतला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. संयोगिता मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांचं स्वतःचं पदही प्रकल्पाच्या मुदतीपुरतंच होतं. अकरा वर्षांत त्यांनी सात प्रकल्पांत सात वेळा नव्यानं रुजू होण्याचे कागद भरले होते. वसुबारसेला दिल्लीहून मूल्यमापन समिती यायची होती, आणि तिच्या शिफारशीवर पुढची तीन वर्षं अवलंबून होती. हे सगळं त्यांनी पिराजीला शांतपणे सांगितलं. मग म्हणाल्या, "कार्यभार कुणाकडे तरी सोपवून जा, मी आज सोडते. पण काय सोपवणार? तुम्ही नसलात तर चालत नाही, हे मला लिहिता येत नाही. कारण तुम्ही आहात, असंच कुठं लिहिलेलं नाही."

पिराजीला यातलं एकच कळलं. फावडं दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय जायचं नाही. हे त्याला बापानंही सांगितलं होतं, त्यामुळं त्यात त्याला अन्याय असा काही दिसला नाही.

सोडून निघून जायला त्याला कुणी अडवलं नव्हतं, हे खरं. शेडला कुलूप नव्हतं, वॉचमन दुपारी झोपायचा. चिमणाबाईनं तेच विचारलं. "अवं, रस न्हाय, गूळ न्हाय, त्येला कसलं आदण म्हनायचं? चिखल हाय त्यो."

"खाली जाळ हाय की."

"जाळ कुठला? करंट हाय."

 आदण उतरलं की जायचं, हे पिराजीनं मनाशी पक्कं केलं, आणि ते कधी उतरतं याची चौकशी करायला तो तौसीफकडं गेला.

तौसीफ बागवान प्रकल्पाचा केमिस्ट. एम.एस्सी., वय चौतीस, दिवसभर आतल्या काचेच्या खोलीत यंत्रासमोर बसणारा. त्याचे वडील लक्ष्मीपुरीत भाजी विकतात, त्यांचे वडीलही विकायचे. पिराजीला तो मामा म्हणतो. पिराजीनं विचारलं, की ही टाकी एकदा पुरी कधी उतरायची.  तौसीफनं कागदावर गोल काढून दाखवला: चिखल बदलतो, साय काढून घेतो, पण पाणी तेच. पहिल्या टाकीतून दुसरीत, दुसरीतून परत पहिलीत. दोनशे पाच फेऱ्या झाल्या होत्या.

"म्हंजे तीन वरसांत एकदाबी उतरलं न्हाय?"

"न्हाय मामा. उतरायचंच न्हाय ह्ये. तीच तर आपली खासियत हाय."

पिराजीनं त्या गोलाकडं बराच वेळ पाहिलं. गुऱ्हाळातलं सगळ्यात लांब आदण तीन तासांचं असतं. आपण तीन वर्षं एकाच आदणावर उभे आहोत, हे त्याला तोवर माहीत नव्हतं. घरी जेवताना, आंघोळीला, पुतण्याच्या लग्नात, आपण दर वेळी चुलीवरचं आदण टाकून गेलो होतो. त्याला खरोखर शरमल्यासारखं झालं. दुसऱ्या कुणाला तो कागदावरचा गोल म्हणजे पाण्याचा काटकसरीचा वापर वाटला असता.

आता मार्ग एकच होता. त्यानं दुसऱ्या दिवशी दुपारी तौसीफला शेडच्या मागं नेलं, आजूबाजूला पाहिलं आणि बापाकडून आलेली विद्या सांगायला सुरुवात केली. पाण्यात घालायचं काय, ते कुठं मिळतं. तौसीफनं अर्धं ऐकून घेतलं.

"मामा, आमच्या घरात चार पिढ्या भाजी हाय. मला भेंडी सांगताय व्हय?" श्रावणातच नमुन्याच्या बाटलीत त्याला काचेच्या नळीला धरलेली चिकट तार दिसली होती. तो बोलला नाही, कारण आकडा चांगला होता, आणि चांगल्या आकड्याला कुणी कुळ विचारत नाही.

मग पाच दिवस पिराजीनं त्याला शिकवलं. मॅडम दुपारी दोन ते चार मीटिंगमध्ये असायच्या, तेवढ्यात. पहिल्या वेळी तौसीफनं मंडईतली कोवळी भेंडी आणली. चिकी जास्त झाली आणि टाकीचं भरीत झालं. पिराजीनं त्याला कानात सांगावं तसं सांगितलं की भाजीची भेंडी नव्हे, बांधावरची, आणि शेंग नव्हे, खोड. दुसऱ्या वेळी तौसीफ मोजनळी घेऊन बसला. तिसऱ्या वेळी पिराजीनं मोजनळी खिशात घातली आणि त्याचं बोट धरून पाण्यात फिरवलं. चौथ्या वेळी तौसीफ एकटा होता. चपलाही त्यानं आपणहून काढल्या. आकडा तेहतीस आला. पिराजी म्हणाला, "बेस. आता एक फेरी माझ्याम्होरं पुरी करून दाव, की मी मोकळा." चिमणाबाईनं दुसरं पोतं बांधलं. पाडव्याला तेरा दिवस होते.

इथं तौसीफनं एक चूक केली, आणि ती शिकलेला माणूसच करू शकतो. त्यानं ते नोंदवहीत लिहिलं. तारीख, वेळ, रानभेंडीचे खोड सातशे ग्रॅम, भिजवण काळ दोन तास, निवळण्यास लागलेला वेळ बावीस मिनिटे. पिराजीचं नावही लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. प्रकल्पाच्या शास्त्रीय कागदपत्रांत ते नाव आलं ते तेवढं एकदाच.

संयोगिता मॅडमनी ते पान संध्याकाळी वाचलं. पान फाडलं नाही. नोंदवहीच्या पानांना क्रमांक असतात. त्यांनी दोघांना बोलावलं आणि दार लावलं. त्या काय बोलल्या ते तौसीफ पुढं सांगायचा. पेटंटच्या अर्जावर त्यांची सही होती, दोन निबंधांवर त्यांचं नाव होतं, कंपनीला दिलेल्या पत्रावर शिक्का होता. तिन्ही ठिकाणी कोन होता आणि कुठंही भेंडी नव्हती. समितीसमोर भेंडी आली तर प्रकल्प जाईल, आणि प्रकल्पाबरोबर तौसीफ, त्या स्वतः आणि वॉचमनसुद्धा. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. शेवटी त्या पिराजीकडं न बघता म्हणाल्या, "मला हे कळलेलं नाही. तुम्हाला जे करायचं ते तुम्ही करत राहा. मला कळू नये असं."

नोंदीखाली त्यांनी लाल शाईनं लिहिलं: निरीक्षण ग्राह्य नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयीन आदेश निघाला की केमिस्ट यांनी पुढील आदेश होईपर्यंत यंत्रखोली सोडू नये व टाकीपाशी जाऊ नये. फावडं घेणाराच उरला नाही.

तौसीफ चहाच्या टपरीवर पिराजीला म्हणाला, की मामा, तुम्ही खुशाल जावा, मी बघतो. पिराजीनं विचारलं, काचेच्या आडून बघणार का. तौसीफनं चहा संपवला. त्याच्या घरी दोन लहान मुलं होती आणि ही त्याची पाचवी नोकरी होती, हे पिराजीला माहीत होतं. त्यानं ते पुन्हा काढलं नाही.

पण मॅडमनी एक शब्द दिला होता, आणि तो पिराजीनं धरून ठेवला. समिती गेली की टाकी धुवायला रिकामी करायची. म्हणजे आदण उतरणार. वसुबारसेनंतर पाडव्याला पाच दिवस राहतात. एक दिवस टाकी उतरायला, एक दिवस धुवायला, शिरोलीहून वडगाव अर्ध्या तासाचं. हिशेब बसत होता. चिमणाबाईनं सुटकेसला कुलूप आणलं.

समिती वसुबारसेला आली. तिघं होते. पिराजीला त्या दिवशी स्वच्छ गणवेश, हेल्मेट आणि बूट दिले होते. बूट घालूनच चिकी ओतावी लागली. त्यानं तेवढ्यापुरता डावा पाय बुटातून टाच वर काढून धरला, म्हणजे देवाला निदान अर्धं तरी पोचावं. चिकीची बादली आदल्या दिवशीच 'नळाचे पाणी' अशी चिठ्ठी लावून ठेवली होती. मॅडम त्या वेळी समितीला पात्याचा कोन समजावून देत टाकीकडं पाठ करून उभ्या होत्या. एकोणीस मिनिटांत निवळी झाली. एक वयस्कर सभासद टाकीच्या काठावर वाकून तळ बघत राहिले. त्यांनी पिराजीला विचारलं, आपण काय करता. मॅडमनी उत्तर दिलं, ते सहाय्यक आहेत.

आकडा एकेचाळीस आला. तोवरचा सर्वांत मोठा.

समितीला कोन आवडला, पण पाणी त्याहून आवडलं. दोनशे चौदा फेऱ्या आणि एक थेंब बाहेर नाही, असं देशात दुसरीकडं कुठं नव्हतं म्हणे. अध्यक्षांनी तिथल्या तिथं शिफारस सांगितली: आणखी तीन वर्षं मुदतवाढ, आणि हे द्रावण असंच अखंड चालवून फेऱ्यांचा आकडा हजारावर न्यावा. टाकी मध्ये रिकामी करू नये. सध्याच्या कर्मचाऱ्यांत बदल करू नये. मॅडमनी हे लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्यांनी एकदा पिराजीकडं बघितलं आणि लगेच वही मिटली.

पिराजीनं हेल्मेट काढलं, बूट काढले, आणि टाकीपाशी अनवाणी उभा राहिला. पाणी खळखळत होतं. ढवळणारं पातं फिरत होतं, त्याच कोनात.

धनत्रयोदशी गेली, लक्ष्मीपूजन गेलं. शेड दिवाळीत बंद राहत नव्हती, कारण पाणी थंड झालं तर फेरी तुटते. चिमणाबाईनं रोज एकदा विचारलं आणि रोज तेच उत्तर आलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं नाही. एक पोतं सोडलं आणि त्यातली कढई काढून करंज्या तळल्या. कढई तेवढी बाहेर ठेवली, बाकीचं पुन्हा बांधलं.

पाडव्याला सकाळी आठ वाजता फोन आला. मागं माणसांचा गलका, चरकाचा आवाज, रस पडल्याचा आवाज. पिराजीनं ते आधी ऐकून घेतलं. गणपतराव म्हणाला की काहील भरली, नारळ फोडला, चुलवाण पेटवायचं थांबलंय. मुधोळचा माणूस कट्ट्यावर बसलाय, त्यानं अजून फावड्याला हात लावलेला नाही. रिक्षा करून आलास तरी चालतंय.

"आण्णा," पिराजी म्हणाला, "आदण चुलीवर हाय."

 गणपतराव शिव्या द्यायला मोकळा होता, आणि शिव्यांत तो कमी पडणारा माणूस नव्हता. पण तो ज्ञानूचाच मुलगा. आजी वारल्याच्या दिवशी तो चुलवाणाशेजारी बसलेला होता, सहा वर्षांचा, आणि बाप ढवळताना त्यानं बघितला होता.

"मग काय बोलायचं," तो म्हणाला. मग फोन न ठेवता त्यानं कुणाला तरी सांगितलं, की पावणं, घ्या फावडं.

पिराजीनं फोन खिशात ठेवला, पाण्यात बोट फिरवलं. पाणी साबणासारखं लागत होतं. त्या दिवशी चिकी थोडी कमी घातली.

तौसीफ काचेआडून बघत होता. त्यानं हात वर केला. पिराजीनं मान हलवली.

प्रकल्पाचा वार्षिक अहवाल मार्चअखेर प्रसिद्ध झाला. त्यातील परिशिष्ट चारनुसार: प्रक्रिया पूर्णतः प्रमाणित असून ती कोणत्याही व्यक्तीच्या वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून नाही. प्रक्रियेत कोणतेही सेंद्रिय द्रव्य वापरले जात नाही. द्रावणाच्या फेऱ्या: तीनशे दोन, अखंड. अकुशल मनुष्यबळ: एक.

शेडच्या मागं, पत्र्याला लागून, रानभेंडीचे दोन वाफे आहेत. पाणी चिमणाबाई घालते.